‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं

मराठी भाषेंत ‘नाहीं’ या शब्दाइतका घाईनें उच्चारला जाणारा दुसरा शब्द क्वचितच सांपडेल. फडताळांत हात घालून डबा लागला नाहीं, कीं ‘साखर संपली’. हांक मारून ओ आली नाहीं, कीं ‘घरांत कोणी नाहीं’. आणि पोथीचें हवें तें पान हातीं लागलें नाहीं, कीं ‘पान गहाळ झालें’. वास्तविक ‘मला दिसत नाहीं’ आणि ‘तें नाहीं’ या दोन वाक्यांत मोठें अंतर आहे. आपल्या शास्त्रकारांनीं तें अंतर फार बारकाईनें मोजून ठेविलें आहे. जी वस्तु असती तर दिसलीच असती, ती दिसली नाहीं तरच तिचा अभाव सिद्ध होतो, एरवीं नाहीं, असा त्यांचा दंडक. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत तर, असलेली वस्तुही कां दिसत नाहीं याचीं आठ कारणें सातव्या कारिकेंत ओळीनें दिलीं आहेत. वस्तु अति दूर असते. अति जवळ असते. इंद्रिय बिघडलेलें असतें. मन ठिकाणावर नसतें. वस्तु फार सूक्ष्म असते. मध्यें कांहीं आड येतें. दुसऱ्या प्रबल वस्तूच्या तेजानें ती लोपते. किंवा आपल्यासारख्याच वस्तूंत ती मिसळून जाते.

शाळेंत संस्कृत शिकवितांना ही यादी आम्हीं वरच्या वर्गांतील मुलांस अनेकदां सांगितली. अंजन डोळ्यांतच असल्यामुळें डोळ्याला दिसत नाहीं, हा टीकाकारांचा दाखला मुलांना विशेष आवडे. परंतु निवृत्तीनंतर, आणि तीही संगणकाच्या संगतींत, ही यादी आमच्याच कामीं येईल असें कोणी सांगितलें असतें तर आम्हांस हंसूं आलें असतें. तसें घडलें खरें. आतांशा घरोघरींचे जुने फोटो, वडिलांचीं पत्रें, लग्नामुंजींचीं चित्रें हें सर्व धन एखाद्या वीतभर लांबीच्या डिस्कमध्यें जाऊन बसलें आहे. म्हणून ही हकीकत केवळ आमच्या घरची न राहतां वाचकांच्याही उपयोगी पडेल, या विचारानें ती येथें मांडीत आहों.

आमच्या टेबलावरील संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो. फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यानें ती १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविली. मात्र तिची घडण अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं सुरू झालेल्या युनिक्सच्या धर्तीवरची आहे. त्या घराण्याची एक रीत अशी कीं, यंत्राला जोडलेलें बहुतेक प्रत्येक साधन एका फाइलच्या रूपानें दाखवावयाचें. या फाइली ‘डेव्ह’ नांवाच्या एका कप्प्यांत असतात. पहिली डिस्क जोडली म्हणजे तेथें ‘एसडीए’ हें नांव उमटतें, दुसरी जोडली म्हणजे ‘एसडीबी’. एका डिस्कचे अनेक वांटे पाडतां येतात. त्यांस पार्टिशन म्हणतात. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत हा शब्द कोर्टकचेरीची आठवण करून देणारा व म्हणून अशुभ. परंतु येथें वांटा एकच असला तरी त्यास वांटाच म्हणावयाचें. दुसऱ्या डिस्कच्या पहिल्या वांट्याचें नांव ‘एसडीबी१’.

हीं नांवें माणसांच्या सोयीचीं. यंत्र त्यांच्यामागील दोन आंकडे ओळखतें: ‘एसडीबी’चे ८ आणि १६, ‘एसडीबी१’चे ८ आणि १७. पूर्वीं अशा फाइली डिस्कवर कायमच्या करून ठेवीत. साधन असो वा नसो, नांव आपलें तेथें असे. २००३ सालीं ‘यूडेव्ह’ नांवाची व्यवस्था आली, आणि २००९ सालच्या २.६.३२ या आवृत्तीपासून लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो स्वतःच साधन सांपडतांक्षणीं त्याचें नांव त्या कप्प्यांत मांडूं लागला. यूडेव्हकडे परवानग्या आणि टोपणनांवें एवढें काम राहिलें.

यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. डिस्कच्या आरंभीं वांटणीचें एक कोष्टक असतें. तें वाचून ज्या वांट्यांचा बोध कर्नेलला होतो, त्यांचींच नांवें उमटतात. तेव्हां ‘एसडीबी१’ हें नांव दिसलें नाहीं, याचा अर्थ वांटा नाहीं असा होत नाहीं. कर्नेलला तो समजला नाहीं, एवढाच होतो. उलट, आपण हट्टानें ‘एमकेनॉड’ नांवाची आज्ञा देऊन ८ आणि १७ या आंकड्यांची फाइल हातानें निर्माण केली, तर नांव दिसूं लागतें, पण उघडूं गेल्यास असें साधनच नाहीं असें उत्तर मिळतें. नामकरण झाल्यानें मूल जन्मास येत नाहीं, तसेंच हें.

आतां घडलें तें सांगतों. आमच्या थोरल्या वहिनी तीन वर्षांपूर्वीं कैलासवासी झाल्या. त्यांच्या शेवटच्या सात-आठ वर्षांत घरांतील मुलांनीं त्यांचा आवाज मुद्रित करून ठेविला होता: जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, माहेरच्या वाड्याच्या हकीकती, लिंबाच्या लोणच्याची कृति, आणि मध्येंच कोणावर तरी रागावणें. सुमारें साठ तासांचें हें मुद्रण, आमच्या आजोबांच्या पोथ्यांचीं छायाचित्रें आणि घराण्याचे जुने कागद, असें सर्व एका चार टेराबाइटच्या डिस्कवर होतें. डिस्क ज्या पेटींत होती तिची विजेची खोबण सैल होऊन ती पेटी चालेनाशी झाली. डिस्क स्वतः धडधाकट होती. म्हणून बाजारांतून नवी पेटी आणून डिस्क तींत बसविली, संगणकास जोडली, आणि पाहतों तों ‘एसडीबी’ आहे व ‘एसडीबी१’ नाहीं.

पुण्यास कॉलेजांत शिकणारा आमचा नातू सुट्टीस आला होता. त्यानें ती डिस्क आपल्या संगणकास लावून पाहिली. त्याचा संगणक दुसऱ्या प्रणालीचा; त्यानें विचारपूस न करतां प्रश्न टाकला कीं, ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉर्मॅट करावी लागेल; करूं काय? नातवानें मान वर करून आम्हांस म्हटलें, “अण्णाआजोबा, डिस्क कोरी दिसते. करूं कां फॉर्मॅट?”

तेवढ्यांत झोपाळ्यावरून दादांचा आवाज आला. दादा म्हणजे आमचे थोरले बंधु, वय एक्याऐंशीं. दर गुरुवारीं दुपारीं वहिनींचें एखादें मुद्रण ऐकावयाचें, असा त्यांनीं नेम ठेविला होता, आणि त्या दिवशीं गुरुवार होता. त्यांनीं इतकेंच विचारलें, “तिचा आवाज गेला कां रे?”

या प्रश्नास ‘हो’ म्हणणें शक्य नव्हतें, आणि खात्री झाल्यावांचून ‘नाहीं’ म्हणणेंही योग्य नव्हतें. आम्हीं नातवास डिस्क काढून घेण्यास सांगितलें आणि पुण्यास धाकट्या सूनबाईंना फोन लाविला. त्यांचें कामच संगणकाचें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि पहिलें वाक्य उच्चारलें तें असें: “अण्णा, काय वाटेल तें वाचा, पण त्या डिस्कवर एक अक्षरही लिहूं देऊं नका.”

वाचकहो, सबंध लेखांतील दुसरें कांहीं ध्यानांत राहिलें नाहीं तरी चालेल, पण हें वाक्य राहूं द्या. वाचण्यानें शाबूत वस्तूची हानि होत नाहीं, लिहिण्यानें होते. फॉर्मॅट करणें, नवें कोष्टक घालणें, ‘दुरुस्ती’चें बटण दाबणें हीं सर्व लिहिण्याचींच रूपें आहेत. जी जागा कोरी आहे असें आपण समजतों ती खरोखर कोरी नसेल, तर आपण तिच्यावर लिहून ती कोरी करतों.

मग फोन कानाशीं, नातू शेजारीं आणि सांख्यांची यादी डोळ्यांपुढें, अशा थाटांत आमचा शोध सुरू झाला. यादी आम्हीं सूनबाईंना सांगितली तेव्हां त्या हंसल्या, परंतु थोडा विचार करून म्हणाल्या, “आमचा क्रमही जवळजवळ हाच आहे.”

पहिलें कारण अति दूर असणें. केबल सैल असेल, वीज पुरत नसेल, तर डिस्क यंत्रापर्यंत पोंचतच नाहीं; मग ‘एसडीबी’ हें मूळ नांवही उमटत नाहीं. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली म्हणजे जोडलेल्या सर्व डिस्का आणि त्यांचे वांटे झाडाच्या फांद्यांसारखे दिसतात. आमच्या यादींत ‘एसडीबी’ होती, आणि तिचें आकारमानही चार टेराबाइट बरोबर होतें. म्हणजे खोड होतें, फांदी नव्हती.

दुसरें कारण अति जवळ असणें, म्हणजे डोळ्यांतलें अंजन. डिस्कचा एखादा वांटा वापरांत असतांनाच कोणी तिचें कोष्टक बदललें, तर कर्नेल जुनेंच कोष्टक धरून बसतो. हातांतलें सोडल्यावांचून नवें घेत नाहीं. अशा वेळीं वांटा वापरांतून मोकळा करून ‘पार्टप्रोब’ किंवा ‘पार्टएक्स’ या आज्ञांनीं कोष्टक पुन्हां वाचण्यास सांगावें, अथवा संगणक बंद करून चालू करावा. नवे वांटे पाडल्यावर नांवें उमटलीं नाहींत, तर बहुधा हेंच कारण असतें. आमच्या डिस्कवर कोणी कांहीं बदललें नव्हतें, आणि ती वापरांतही नव्हती. तरी पुनर्वाचन करविलें. फळ तेंच.

तिसरें, इंद्रियाचा बिघाड. कर्नेलला त्या जातीचें कोष्टक वाचण्याची शक्तीच दिलेली नसेल, तर तो वाचणार कसा? परंतु त्याच संगणकावर त्याच जातीच्या कोष्टकाची दुसरी डिस्क लाविली तों तिचे वांटे तत्काळ दिसले. इंद्रिय निर्दोष ठरलें.

चौथें, मन ठिकाणावर नसणें. हा दोष यंत्राचा नसून माणसाचा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ हीं नांवें जोडण्याच्या क्रमानें मिळतात. आज जी ‘बी’ आहे ती उद्यां ‘सी’ होऊं शकते. नांवावर विसंबून भलत्याच डिस्कवर प्रयोग करणाऱ्यांनीं आपलें धन गमावलेलें आहे. म्हणून डिस्कच्या अंगावर छापलेला क्रमांक आणि संगणक सांगतो तो क्रमांक ताडून पहावा. नातवानें भिंग लावून तो वाचला. जुळला.

पांचवें, सूक्ष्मता. चार टेराबाइट म्हणजे सुमारें चार लाख कोटी अक्षरें. (बाइट या शब्दास आम्ही येथें सोयीसाठीं अक्षर म्हणतों.) त्यांत वांटणीच्या कोष्टकाच्या नोंदी साधारणतः १२८, प्रत्येकी १२८ अक्षरांच्या, म्हणजे सोळा हजारांहून थोडीं अधिक अक्षरें. एवढ्याशा जागेंत खरचटलें तरी सबंध डिस्क निनांवी होते. परंतु तसें असतें तर ‘डीमेसेज’ या आज्ञेनें दिसणाऱ्या कर्नेलच्या बोलण्यांत वाचन फसल्याची तक्रार आढळली असती. तेथें तक्रारीची एक ओळही नव्हती. ‘एसडीबी’ जोडली गेल्याची नोंद होती. पुढें वांट्याचें नांव मात्र आलें नव्हतें.

सहावें, सातवें आणि आठवें कारण सूनबाईंनीं एकत्रच निकालांत काढलें. कुलपबंद लेखनाचा किंवा अनेक डिस्का सांधणाऱ्या रचनेचा पडदा मध्यें असला तर आंतली वस्तु बाहेरून दिसत नाहीं; दुसऱ्या एखाद्या व्यवस्थेनें सबंध डिस्कच आपल्या ताब्यांत घेतली तर सूर्यापुढें तारे लोपावे तसे तिचे वांटे लोपतात; आणि पूर्वींच्या एखाद्या रचनेची खूण पुसली न जातां नव्या खुणेशेजारीं राहिली, तर ओळखणारा दोहोंत गोंधळून कांहींच सांगत नाहीं. आमच्या डिस्कवर यांतलें कांहींच केलेलें नव्हतें.

आठही कारणें संपलीं आणि वांटा दिसेना. दादा झोपाळ्यावर स्वस्थ होते. पण झोपाळा हलत नव्हता.

तेव्हां सूनबाईंनीं ‘एफडिस्क’ ही आज्ञा नुसत्या यादीपुरती चालविण्यास सांगितलें. तिनें कोष्टकाच्या पहिल्या पानावरील मजकूर दाखविला: या डिस्कवर नव्या जातीचें, म्हणजे जीपीटी जातीचें कोष्टक आहे, आणि तिचा विस्तार सुमारें ५०० गिगाबाइट. आम्हीं तो आंकडा फोनवर वाचून दाखविला आणि थांबलों. डिस्क चार टेराबाइटची आणि कोष्टक म्हणतें ५०० गिगाबाइट! रुपयांतली चवली! बरोबर आठवा हिस्सा. बिघाड असा नेमका हिशेब करून होत नाहीं. जेथें नेमका हिशेब आहे तेथें मोडतोड नसून कांहीं नियम आहे, हें गणिताच्या तासाला बसलेल्या कोणासही कळेल.

“अण्णा,” सूनबाई म्हणाल्या, “जुनी पेटी चालत होती तेव्हांची नोंद संगणकाच्या दप्तरांत असेल. ‘जर्नलसीटीएल’ला विचारा.” संगणकही आपली रोजकीर्द ठेवतो, ती अशी उपयोगी पडते. नातवानें जुनी तारीख शोधून काढली. त्या दिवशींची नोंद: ९७,६७,५४,६४६ तुकडे, प्रत्येक तुकडा ४०९६ अक्षरांचा. आजची नोंद: ७,८१,४०,३७,१६८ तुकडे, प्रत्येक तुकडा ५१२ अक्षरांचा. गुणाकार दोन्हींचा एकच. ४०९६ भागिले ५१२ बरोबर आठ. चवली सांपडली.

उलगडा असा. डिस्क अक्षराअक्षरानें वाचली जात नाहीं; ठराविक अक्षरांच्या तुकड्यानें वाचली जाते. या तुकड्यास सेक्टर म्हणतात. आपण त्यास पोथीचें पान म्हणूं. पान किती अक्षरांचें, हें संगणकास डिस्क प्रत्यक्ष सांगत नाहीं. मध्यें बसलेली पेटी सांगते. जुन्या पद्धतीच्या कोष्टकांत ५१२ अक्षरांच्या पानांनीं दोन टेराबाइटपलीकडे मोजतांच येत नसे. म्हणून मोठ्या डिस्कांसाठीं केलेल्या कांहीं पेट्या पान ४०९६ अक्षरांचें आहे असें सांगत. आमची जुनी पेटी त्यांतली होती. नवी पेटी ५१२ सांगणारी आहे.

जीपीटी जातीच्या पोथींत पहिल्या पानावर नुसती सूचना असते, आणि खरें कोष्टक दुसऱ्या पानापासून सुरू होतें. पहिलें पान कोणत्याही मापानें एकाच ठिकाणीं, म्हणजे अगदीं आरंभीं सुरू होतें. म्हणून तें वाचतां आलें. परंतु दुसरें पान मोठ्या मापानें ४०९६ अक्षरांनंतर सुरू होतें आणि लहान मापानें ५१२ अक्षरांनंतर. कर्नेल ५१२ अक्षरांनंतर पाहूं लागला. तेथें त्यास कांहीं मिळालें नाहीं. या कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटच्या पानावर असते. शेवटचें मोठें पान जेथें सुरू होतें तेथें शेवटचें लहान पान सुरू होत नाहीं, म्हणून लहान मापानें तीही हातीं लागत नाहीं. कोष्टक होतें, प्रत होती, वांटा होता, आवाज होता. मोजपट्टी निराळी होती.

ही गोष्ट ताडून पाहणें सोपें होतें. ‘हेक्सडम्प’ या आज्ञेनें डिस्कचीं अक्षरें जशींच्या तशीं पाहतां येतात. ४०९६ अक्षरें सोडून पुढचीं पाहिलीं, तों जीपीटीची ‘ईएफआय पार्ट’ ही रोमन लिपींतील, मधली मोकळी जागा धरून आठ अक्षरांची खूण तेथें ठसठशीत बसली होती. नातवानें ती मोठ्यानें वाचली. आम्हीं दादांकडे पाहून म्हटलें, “आवाज गेलेला नाहीं.” आतां तसें म्हणण्याचा अधिकार आम्हांस पोंचला होता.

पुढचें काम हाताचें. ‘लोसेटअप’ नांवाची एक आज्ञा आहे; तिच्या योगें एखाद्या साधनास दुसरें सोंग देऊन संगणकापुढें उभें करतां येतें, आणि २०१७ पासून त्या सोंगाचें पान किती अक्षरांचें हेंही सांगतां येतें. सूनबाईंनीं सांगितल्याप्रमाणें आम्हीं तीन गोष्टी नमूद केल्या: पान ४०९६ अक्षरांचें समजावें; वांटे शोधावे; आणि केवळ वाचावें, लिहूं नये. आज्ञा दिली मात्र, ‘डेव्ह’च्या कप्प्यांत ‘लूप०’ आणि त्याच्या खालीं ‘लूप०पी१’ हें नांव उमटलें. डिस्कच्या पृष्ठावर एक ठिपकाही बदलला नव्हता. बदललें होतें तें वाचणाऱ्याचें माप.

सर्व मजकूर नव्या डिस्कवर उतरविण्यास रात्र लागली. परंतु तत्पूर्वीं दादांसाठीं एक मुद्रण उघडलें. त्यांत ओवी नव्हती कीं गाणें नव्हतें. वहिनी लोणच्याची कृति सांगतां सांगतां थांबल्या होत्या आणि कोणास तरी म्हणत होत्या, “अहो, चहा निवतोय.” दादांनीं सवयीनें उजवीकडे, जेथें पूर्वीं चहाचा पेला ठेवीत त्या खिडकीच्या फळीकडे, हात नेला, आणि मग तो हात तसाच गुडघ्यावर ठेविला. कोणी कांहीं बोललें नाहीं. नातू उठून स्वयंपाकघरांत चहा टाकावयास गेला.

त्यानंतर आम्हीं सांख्यांच्या यादीचा पुन्हां विचार केला. आमच्या डिस्कचें कारण आठांपैकीं कशांतच नीट बसत नाहीं. वस्तु दूर नव्हती, जवळ नव्हती, झांकलेली नव्हती. पाहणाराही आंधळा नव्हता. मग दोष कोठें? तर प्रमाणांत. ज्ञानाच्या साधनास आपण ‘प्रमाण’ म्हणतों, आणि त्या शब्दांत ‘मा’ म्हणजे मापणें हाच धातु आहे. मापच निराळें असेल, तर डोळस पाहणाऱ्यास, लख्ख उजेडांत, समोर असलेली वस्तु दिसणार नाहीं. घरांत नव्या सुनेला सासूच्या मनांतलें कळत नाहीं, बापाला मुलग्याच्या पत्रांतलें दुःख दिसत नाहीं, तेव्हांही पुष्कळदां हेंच घडत असतें. पण तो विषय निराळा, आणि त्यास ‘लोसेटअप’सारखी एका ओळीची आज्ञा नाहीं.

उपयोगाच्या कांहीं गोष्टी तेवढ्या सांगून लेखणी ठेवतों. वांट्याचें नांव दिसेनासें झालें, तर प्रथम मूळ डिस्कचें नांव व आकारमान दिसतें कीं नाहीं तें पहावें. डिस्क आपलीच आहे, हें तिच्या क्रमांकावरून पटवावें. कर्नेल काय बोलला, तें सावकाश वाचावें. जुनी नोंद असेल तर आजच्या नोंदीशेजारीं ठेवून वाचावें. मग कोष्टक पुन्हां वाचण्यास सांगावें. पेटी, केबल किंवा संगणक यांपैकीं काय बदललें याची आठवण करावी. शक्य तर जुन्याच जोडणींत डिस्क लावून पहावी. वाचतांना डिस्क अडखळत असेल, तर तिच्यावर प्रयोग न करतां ‘डीडीरेस्क्यू’नें तिची सबंध नक्कल करून घ्यावी आणि प्रयोग नकलेवर करावे. कोष्टकच खरोखर पुसलें गेलें असेल, तर ‘टेस्टडिस्क’ हरवलेल्या वांट्यांच्या सीमा शोधून देऊं शकतें. आणि ‘फॉर्मॅट करूं काय?’ या प्रश्नास, हें सर्व होईपर्यंत, नम्रपणें नकार द्यावा.

प्रतींविषयीं आमच्या पूर्वजांची दक्षता कोणास सांगावयास नको. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं एकच मंत्र पाठ करून ठेवावयाचा, म्हणजे एकींत झालेली चूक दुसरींत उघडी पडते. डिस्कवर कोष्टकाची दुसरी प्रत असते हें चांगलें. परंतु एकाच डिस्कवरील, एकाच मापाच्या दोन प्रती म्हणजे एकाच छपराखालच्या दोन पेट्या. आतां वहिनींचीं मुद्रणें तीन ठिकाणीं आहेत: एक प्रत आमच्या घरीं, एक पुण्यास सूनबाईंकडे, आणि एक नागपुरास दादांच्या लेकीकडे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक आपलें नांव आणि तिथि घाली. पुष्कळ पोथ्यांत बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापानें एकंदर ग्रंथसंख्याही नोंदविलेली आढळते. ज्यास मोजावयाचें त्यानें कोणत्या मापानें मोजावें, हें लिहिणारा सांगून जाई. त्या रीतीनें आम्हीं तिन्ही डिस्कांवर कागदाची एक एक पट्टी चिकटविली आहे. तीवर कोणतें मुद्रण कोणत्या सालचें, कोष्टक कोणत्या जातीचें, आणि पान किती अक्षरांचें, हें शाईनें लिहिलें आहे. जुन्या डिस्कवर ‘पान ४०९६ अक्षरांचें’ ही ओळ दादांनीं स्वतः, थरथरत्या पण वळणदार अक्षरांत लिहिली.